फडताळाची दारे

परंडा तालुक्यातल्या सोनारीत काळभैरवनाथाच्या देवळाभोवती माकडांचे राज्य आहे. प्रसादाची पिशवी उघडी धरून चालणारा माणूस परगावचा, हे गावकऱ्यांना कळायच्या आत माकडांना कळते. चैत्रातल्या यात्रेत तर त्यांची चंगळच. त्यांच्यावर हात उगारायला कोणी धजत नाही, कारण शेवटी ती देवाच्या दारातली. त्यामुळे अशा गावात कपाटाला दार असणे आणि त्या दाराची कडी नीट बसणे ही नुसती शोभेची बाब राहत नाही. गुळाची ढेप आणि शेंगदाण्याचा डबा कुठे ठेवायचा, हा तिथे सुरक्षेचा प्रश्न असतो.

जुन्या घरांनी तो भिंतीतच सोडवला होता. दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहूनही जास्त. एवढी जागा नुसती दगडांना का द्यायची? म्हणून भिंत रचतानाच तिच्यात पोकळी ठेवायची, आडव्या फळ्या टाकायच्या आणि पुढे दोन झडपा लावायच्या की झाले फडताळ. लोणच्याची बरणी, पोथी, खताची पावती, सातबाऱ्याचा उतारा, कोणाचा तरी चष्मा, संपत आलेले मलम, सगळे त्याच्या पोटात. झडपांवर हिरवा किंवा निळा ऑइल पेंट, थरावर थर. घर रंगायला निघते ते बहुधा लग्नासाठी, त्यामुळे कडेला टवका उडालेला असला तर घरातली लग्ने मोजता येतात.

आणि प्रश्न निघतो तोही अशाच वेळी. दारे खरवडून नीट करायची की काढून नवी बसवायची?

हा संवाद कोणत्याही घरात साधारण ठरलेला असतो. मिस्त्री झडप दोनदा उघडझाप करून म्हणतो, “काकू, काढून टाका हे. फ्लश डोअर बसवतो, वर सनमायका. दोन दिवसांचं काम.” काकू म्हणतात, “सासऱ्यांनी बसवलेली दारं हायती. असलं लाकूड आता मिळतंय व्हय?” सून आतून बोलते, “आत्या, लाकडाचं खरं, पण रोज हात माझाच चिमटतो त्यात.” पुण्यातला मुलगा फोनवर सांगतो की तुम्हाला बरे वाटेल ते करा, आणि दहा मिनिटांनी मोबाइलवर सरकत्या काचेच्या दारांचा फोटो पाठवतो.

यातला प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो, अगदी मिस्त्रीसुद्धा. त्याला लबाड ठरवण्याची घाई करू नये. नव्या दाराचे माप घेता येते, दर सांगता येतो, किती दिवस लागतील हे छातीठोकपणे बोलता येते. जुन्या दारात रंगाखाली काय निघेल हे त्यालाही ठाऊक नसते. घुणाने पोखरलेली कड निघाली, खिळा काढताना फळी तडकली, तर वाढलेली मजुरी मागायची कोणत्या तोंडाने? दुरुस्ती हाताच्या कामावर चालते आणि त्या हाताचा हिशेब गिऱ्हाईक धरत नाही. नव्या कामात मालाचा नफा असतो. “काढून टाका” या सल्ल्यामागे निम्मे ज्ञान आणि निम्मा व्यवहार असतो. ऐकणाऱ्याने दोन्ही वेगळे करून घ्यावेत.

त्यासाठी आधी लाकूड ओळखावे लागते. बिजागरीच्या बाजूची कड, जिथे रंग पातळ असतो आणि ओरखडा दिसून येत नाही, तिथे चाकूने इंचभर खरवडायचे. सोनेरी-तपकिरी रंग, बोटाला किंचित तेलकट स्पर्श आणि चामड्याच्या जवळ जाणारा वास आला तर साग. लालसर, गुंतलेल्या रेषांचे निघाले तर बहुतेक लिंब. जड, कठीण आणि उभ्या चिरा पडलेली ती बाभूळ. फिकट, हलके, नखाने दबणारे असेल तर आंबा, आणि मग पुढची चर्चा थोडक्यात आटोपते.

सोनारी ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे तिथे सागाचे जंगल नाही. जंगलच मुळात नावापुरते. सागवान बाहेरून येई. मराठवाड्याचा साग म्हणजे दूर नांदेडकडचा, किनवट-माहूरच्या डोंगरातला. या बाजूला माल यायची एक सोय १८९७ साली झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शी गावापर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. परंडा तेव्हा निजामाच्या मुलखात आणि बार्शी इंग्रजांच्या, तरी बाजारपेठ म्हणून लोक बार्शीच जवळची मानत, आजही मानतात. एखाद्या सोनारीकराच्या फडताळाची फळी त्या छोट्या गाडीतून उतरून पुढे बैलगाडीने आली असेल, तर त्यात नवल काही नाही. पण त्या काळात सागवान परवडणारा माणूस गावात एखाद-दुसराच. बाकीच्यांनी बांधावरचा लिंब पाडला.

लिंबाच्या दारांना सागापुढे उगाच मान खाली घालावी लागते. कपडे आणि धान्य ठेवायच्या पेट्या-कपाटांसाठी लिंब मुद्दाम वापरत, कारण त्याच्या वाट्याला किडे सहसा जात नाहीत. महोगनी त्याच्याच कुळातली. नीट रंधा मारून पॉलिश केलेली लिंबाची फळी पाहिली की हे नाते पटते. पुरीच्या मंदिरातला जगन्नाथ तर लिंबाच्याच लाकडाचा. आणि तिथे बदलायचे की राखायचे या प्रश्नाचे उत्तर ठरून गेलेले आहे. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी नवकलेवर होते: नवा लिंब शोधायचा, नव्या मूर्ती घडवायच्या आणि जुन्या मंदिराच्या आवारातच पुरायच्या. १९९६ ला झाले, त्यानंतर २०१५ ला. देवाचे लाकूड बदलते, मग सासऱ्यांचे बदलले तर काय बिघडले, असे सुनेला म्हणता येईल. फक्त पुरीत नव्या मूर्तीसाठी लिंबाचे झाड निवडून आणतात, फ्लश डोअर आणत नाहीत.

लाकूड चांगले निघाले तरी लगेच रंधा हाती घेऊ नये. आधी दार ज्या भिंतीत आहे ती भिंत बघायची.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यात कोणाला सांगावी लागत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हलली. केंद्र किल्लारीजवळ. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. सोनारी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, किल्लारीपासून लांब. पण घर बांधायची रीत तीच होती: चिखलात रचलेले गोल दगड, वर लाकडी कडीपाट आणि त्यावर मातीचे जड माळवद. पडलेल्या गावांत अभियंत्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्या घरांचे छत लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर पेललेले होते, तिथे अनेकदा भिंती ढासळल्या आणि लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला. माणसे मेली ती बहुतांशी दगडमातीखाली. तरी भूकंपानंतर लोकांच्या मनातून दगड उतरला तसे लाकूडही उतरले. सिमेंटच्या स्लॅबची ओढ लागली, ती आजही आहे. ५२ गावे नव्या जागी वसली. नव्या घरांच्या भिंती पातळ, त्यात फडताळाला जागाच नव्हती.

हे सारे फडताळाच्या दाराशी येऊन भिडते. भिंतीतली पोकळी म्हणजे त्या जागी भिंत तेवढी कमी. फडताळ कोपऱ्याला चिकटून असेल, चौकटीच्या वरच्या टोकांपासून तिरप्या भेगा निघालेल्या असतील, भिंतीला बाहेरून पोट आले असेल, तर झडपांवर पॉलिश चढवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आधी भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड किंवा काँक्रीटचे बांध घालून आतले आणि बाहेरचे दगडी थर एकमेकांना बांधून घ्यावे लागतात, माळवदावर वर्षानुवर्षे चढलेली जादा माती उतरवावी लागते. वाळवीचेही तसेच. ती दारावर आकाशातून पडत नाही. भिंतीच्या चिखलातून चौकटीत येते, चौकटीतून झडपेत. चौकटीवर टिचकी मारून पोकळ आवाज आला, दाभण सहज आत गेले, तर दार वाचवण्याच्या गोष्टी थांबवून भिंतीच्या बुडाशी औषध सोडावे. घुणाची भोके मात्र दिसली म्हणून घाबरायचे कारण नाही. खाली कागद पसरून ठेवायचा. काही दिवसांनी त्यावर ताजे पीठ पडलेले नसेल तर किडा कधीच निघून गेला आहे.

भिंत ठाकठीक असेल तर तिचा एक गुण जुन्या दाराच्या बाजूने बोलतो. ती कुठेच काटकोनात नसते. शंभर वर्षे बसत-दबत आलेल्या चौकटीत डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर उंच असते आणि जुनी झडप त्या वाकड्या जागेबरोबरच वाकडी होत आलेली असते. कारखान्यातून आलेले काटकोनी दार तिथे बसत नाही. मग मिस्त्री चौकट काढायला सांगतो, चौकट काढताना कडेचे दगड सुटतात, दगडांसाठी गवंडी येतो, गवंड्यामागून रंगारी. दोन दिवसांचे काम दोन आठवड्यांवर जाते आणि ‘नवे स्वस्त पडते’ हा हिशेब कोणी पुन्हा मांडून बघत नाही. काही झडपांना तर बिजागरीच नसते. झडपेच्याच लाकडातून काढलेली वरची-खालची टोके चौकटीच्या खळग्यांत फिरतात. असे दार उचलून काढता येते, त्या जागी दुसरे ठेवता येत नाही.

सुनेचा हात चिमटतो त्याचे उत्तर मात्र द्यायलाच हवे, आणि ते बहुतेकदा श्रावणात दडलेले असते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. पावसाळी हवेत फुगते, उन्हाळ्यात आकसते. परंडा पर्जन्यछायेतला कोरडा भाग; मे महिन्यात पारा चाळिशीपार, आणि मग एकदम दमट हवा. श्रावणात दार अडकले की घाईघाईने रंधा मारून घेतात. पुढच्या उन्हाळ्यात तेच दार फटीतून उजेड दाखवते, कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही आणि माकडाला निमंत्रण मिळते. रंधा मारायचा तर दिवाळीनंतर, थंडी सरायच्या आत, तोही जिथे घासल्याची चकाकी दिसते तेवढ्याच जागी. आणि चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली मधली फळी ‘खुळखुळते’ म्हणून कोणी फेव्हिकॉल भरून पक्की केली असेल, तर ती हमखास चिरते. जुन्या सुताराने ती मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, फुगायला-आकसायला.

आता रंग. इथे जुन्या वस्तूंच्या प्रेमाला थोडी भीती लावून घ्यावी लागेल.

घरगुती रंगात शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये ते किती होते हे डब्यावर लिहिलेले नसे. पिवळ्या, केशरी आणि हिरव्या छटांत शिशाची रंगद्रव्ये सर्रास असत. झडपेवर आहे तोवर तो थर गप्प असतो. कोरड्या पॉलिश पेपरने घासला की त्याची धूळ होते आणि ती फडताळातल्या गुळावर, अंगणात रांगणाऱ्या नातवाच्या हातावर बसते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे अपायकारक आहे आणि ‘इतके चालते’ अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. ब्लो लॅम्पने रंग जाळून काढायची पद्धत त्याहून वाईट, कारण तिचा धूर थेट रंगाऱ्याच्या छातीत जातो. कॉस्टिकने रंग सुटतो खरा, पण सागाचे लाकूड काळवंडते आणि सांधे ढिले होतात. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा: झडप उतरवून घराबाहेर न्यायची, खाली प्लास्टिक पसरायचे, लाकूड ओलसर ठेवून पाण्याच्या पेपरने घासायचे, तोंडाला चांगला मास्क लावायचा, पोरांना त्या दिवशी मामाकडे धाडायचे आणि निघालेला चिखल गोळा करून पिशवीत बांधायचा. एवढे जमणार नसेल तर जुना रंग न खरवडता त्यावर नवा हात मारणे शहाणपणाचे. आतल्या लाकडाची नक्षी बघायची हौस तेवढ्यासाठी आवरावी.

रंग निघाल्यावर उघडे पडलेले लाकूड काय पिते, याचे उत्तर या भागाच्या शेतातच उभे आहे. जवसाची चटणी मराठवाड्यात घरोघरी. त्याच जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडात मुरून कातडीसारखे बसते. करडईचे तेलही असेच सुकते. चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात करडईचे तेल घालतात, कारण ते जवसाइतके पिवळे पडत नाही. शेंगदाण्याचे तेल मात्र कधीच सुकत नाही. सणाला दारावरून शेंगतेलाचा बोळा फिरवला की दोन दिवस ते झळकते आणि नंतर वर्षभर धूळ धरून चिकट राहते. जवसाच्या तेलाचे एकच पथ्य आहे. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. सुकताना ते स्वतःच तापतात आणि कधी आपोआप पेटतात. दोरीवर मोकळे वाळवायचे किंवा पाण्यात बुडवून ठेवायचे.

चपड्याचे स्पिरिट पॉलिश हा दुसरा पर्याय, आणि फडताळाच्या आतल्या फळ्यांसाठी जास्त योग्य. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या लाखेच्या किड्याची ही देणगी. औषधाच्या काही गोळ्यांवरही तिचाच पातळ लेप असतो. गरम पातेले ठेवले तर पांढरा डाग उठतो, पावसाळी हवेत लावले तर सगळेच पांढुरके होते. पण पुढच्या वेळी नवा हात दिला की खालचा थर विरघळून त्याच्याशी एक होतो. पॉलियुरेथेनचे तसे नाही. ते टिकते छान, मात्र एकदा सोलले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बदलण्याची बाजूही आहे, आणि ती हळवेपणाने उडवून लावण्यासारखी नाही. फडताळ खोल आणि काळोखी असते. मागची बरणी काढायला पुढच्या चार हलवाव्या लागतात आणि हलवणारे हात बायकांचे असतात. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटे बनवायला घेतली. पुढे लग्नात कपाट देणे ही रीतच झाली, कारण वाळवी, उंदीर आणि चोर या तिघांनाही ते दाद देत नाही. आंब्याची पोखरलेली झडप, दोनदा लांबी भरून उभी ठेवलेली, केवळ जुनी म्हणून जपायचे कारण नाही. बदलायची तर एकच झडप बदलता येते, दोन्ही बदलाव्यात असा कुठे नियम नाही. पडलेल्या वाड्याच्या कडीपाटातून फळी काढून तिची झडप करता येते. ते लाकूड वाळून-आकसून शांत झालेले असते आणि नव्या सागाइतके वाकत नाही. वेगाने वाढवलेल्या कोवळ्या सागात पांढरा भाग जास्त, आणि पांढऱ्या भागाला वाळवी सागाचा मान देत नाही.

जुन्या लाकडाची किंमत गावाआधी शहराला कळली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात वाड्यांचे कोरीव दरवाजे आणि खिडक्या आहेत. दिनकर गंगाधर केळकर यांनी त्या गोळा केल्या तेव्हा बहुतेकांना ते जळण वाटत होते. आता वाडा पाडायचा म्हटले की लाकूड उचलणारे आधी पोचतात, आणि परंड्याकडची दारे मोठ्या शहरातल्या हॉटेलात काच घालून टेबल होतात. मौल्यवान वस्तू या मुलखातून बाहेर जाणे तसे नवे नाही. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती, ती १६३२ मध्ये विजापूरकरांनी ओढून नेली. तोफेला निदान फौज लागली. फडताळाच्या झडपांना छोटा टेम्पो आणि हातावर ठेवलेल्या काही नोटा पुरतात. म्हणून कोणी दार विकत मागायला आला तर भाव ठरवण्याआधी कडेला इंचभर खरवडून आपण काय देतो आहोत ते बघून घ्यावे.

आणि उतरवलेल्या, कोणालाच नको असलेल्या झडपांचे काय? गावात फळी सहसा टाकली जात नाही. तिचा पाट होतो, कोंबड्यांचे खुराडे होते, नाहीतर न्हाणीतल्या बंबात जाते. बिनरंगाची असेल तर बेलाशक जावी. जुन्या ऑइल पेंटची फळी मात्र बंबातही नको आणि चुलीतही नको. शिसे जळून संपत नाही, ते राखेत उतरते आणि त्याच राखेने बऱ्याच घरांत अजून भांडी घासतात. गोठ्याच्या गव्हाणीला ठोकायलाही ती चालणार नाही, कारण जनावरे रंग चाटतात आणि शिशाची विषबाधा त्यांना माणसांइतकीच होते.